पिल्लू चार महिन्यांचे, कुत्रे बारा वर्षांचे

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की मीरा रोडच्या गल्लीगल्लीत कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. बांधकामाच्या वाळूवर, रिक्षा स्टँडच्या मागे, सोसायटीच्या जिन्याखाली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. शाळेतून येणारी मुले त्यांच्याभोवती घोळका करतात आणि एखाद्या संध्याकाळी दप्तराबरोबर एक पिल्लूही घरात येते. 'आई, ठेवूया ना!' हा हट्ट आठ दिवस चालतो. कधी आई हरते, कधी बाबा हरतात आणि पिल्लू घरात राहते.

हे पिल्लू चार महिने सर्वांचे लाडके असते. पाचव्या महिन्यात ते चपला फाडू लागते. आठव्या महिन्यात पट्टा ओढून हात दुखवते, शेजारच्या मुलावर भुंकते. सोसायटीत तक्रार जाते. मग एका रात्री त्याला रिक्षात घालून हायवेपलीकडे नाही तर मिठागरांकडे नेऊन सोडतात आणि मुलांना सांगतात, 'पळून गेला.' असे प्रकार घडतात हे आपण सारे जाणतो. पाळलेले जनावर असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही, वाहने चुकवता येत नाहीत. दुसऱ्या गल्लीतली कुत्री त्याला टिकू देत नाहीत.

वाचकहो, यात दुष्टपणा क्वचितच असतो. बहुतेक वेळा आपण पिल्लू घरी आणतो, कुत्रे आणत नाही. पिल्लूपण चार-सहा महिन्यांचे. कुत्र्याचे आयुष्य साधारण बारा-चौदा वर्षांचे. त्या सगळ्या वर्षांत त्याला काय लागते हे आधी कळले, तर घेण्याचा निर्णय शहाणपणाने होईल आणि घेतल्यावर टाकण्याची वेळ येणार नाही. म्हणून आज त्याच्या आयुष्याचा एकेक टप्पा आपल्यासमोर मांडत आहोत.

आधी घरचा हिशेब

पिल्लाला हात लावण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. पाचवीतला मुलगा आज हट्ट करतो आहे. कुत्रे म्हातारे होईल तेव्हा तो कॉलेज संपवून नोकरीला लागलेला असेल. तेव्हा कुत्र्याला कोण पाहील? बाबा पहाटेच्या लोकलने जातात, आई कामावर जाते, मुले शाळेत आणि क्लासला. मग दिवसभर ते एकटे किती तास राहील? सकाळ-संध्याकाळ त्याला बाहेर कोण नेईल? दरवर्षीच्या लसीचे आणि अचानक आलेल्या आजारपणाचे पैसे कुठून येतील? सुट्टीत गावी गेल्यावर कोण सांभाळील?

या प्रश्नांची उत्तरे नसतील तर कुत्रे न घेणे हीच त्याच्यावरची माया. मुलांची हौस गल्लीतल्या एखाद्या कुत्र्याला पाणी ठेवून, त्याच्या लसीकरणासाठी महानगरपालिकेकडे पाठपुरावा करूनही भागते. खोली लहान आहे म्हणून मात्र कुणी मागे हटू नये. कुत्र्याला मोठे घर लागत नाही. त्याला वेळ लागतो. वनरूम किचनमध्ये सुखाने वाढलेली कुत्री आहेत आणि मोठ्या बंगल्याच्या फाटकाशी आयुष्यभर साखळीला बांधलेली दुःखी कुत्रीही आहेत.

घरातील थोरांचे म्हणणे

काही घरांत आजोबा-आजी कुत्र्याला विरोध करतात. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्यामांजरांना पाणी पिता येत होते आणि माणसांना येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले. ज्या पिढीने हा अपमान ऐकत दिवस काढले, तिला कुत्र्याचे कौतुक खटकले तर नवल नाही. जनावराला जवळ करणारे लोक माणसाला दूर ठेवत होते, ही ती सल आहे.

पण त्यात दोष कुत्र्याचा नव्हता. राजगृहातील फेब्रुवारी १९३४ चे ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, मुकुंदराव, लक्ष्मीबाई आणि त्यांच्याबरोबर घरचा कुत्रा टॉबी. आपल्या बापाच्या कुटुंबाच्या फोटोत कुत्र्याला जागा होती, हे घरातल्या थोरांना जरूर दाखवावे. माणसाचा मान राखणे आणि मुक्या जीवावर करुणा करणे यांत भांडण नाही.

कोणते कुत्रे घ्यावे

दुकानातले महागडे विलायती पिल्लू पाहून मुले भुलतात. पण बर्फाळ प्रदेशातला दाट केसांचा हस्की मे महिन्याच्या उकाड्यात हाल काढतो. चपट्या नाकाच्या पगला धाप लागते. आपल्या मराठवाड्यातील आणि पश्चिम महाराष्ट्रातील कारवान, पश्मी ही शिकारी जातीची कुत्री देखणी असतात, पण त्यांना धावायला माळरान हवे. मीरा रोडच्या खोलीला साजेसे कुत्रे म्हणजे आपल्या गल्लीतले देशी. केस आखूड, हवा मानवणारी, अन्न साधे, डोके तल्लख. शिवाय त्याला घरात घेतले की रस्त्यावरचा एक जीव कमी होतो.

जन्मापासून दोन महिने : आईजवळ

पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात आणि त्यानंतर काही दिवसांत ऐकू येऊ लागते. तोवर आईची ऊब आणि दूध हेच त्याचे जग. तीन आठवड्यांनंतर ते भावंडांशी खेळू लागते. खेळताना एकाने जोरात चावले की दुसरे किंचाळते आणि खेळ थांबतो. चावा किती जोराचा घ्यायचा नाही, हे पिल्लू या खेळातच शिकते. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. फार लवकर उचललेले पिल्लू पुढे अधिक चावरे आणि भित्रे होण्याचा धोका असतो. मुलांनी पिल्लू पसंत केलेच असेल तर त्याच्या आईला महिनाभर खायला घालावे आणि वेळ झाल्यावर पिल्लू आणावे. आईचा स्वभाव कसा आहे, हेही त्या निमित्ताने कळते.

दोन ते चार महिने : लस आणि ओळख

घरी आणल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांकडे न्यावे. जंताचे औषध आणि लस यांचे वेळापत्रक लिहून घ्यावे. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन आजार पिल्लांचे काळ आहेत. पार्व्होमध्ये उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हाती लागत नाही. या आजारांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. एक सुई टोचली म्हणजे काम झाले असे नाही. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते. दाखल्याची वही जपून ठेवावी. महानगरपालिकेकडे कुत्र्याची नोंद करताना ती लागते.

मीरा-भाईंदरमध्ये आता खाजगी दवाखाने आहेत. ते परवडत नसतील तर परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नायगाव-परळच्या चाळींतून इकडे राहायला आलेल्या मंडळींना ते 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून ठाऊक असेल. १८८० च्या दशकात सुरू झालेले हे रुग्णालय आजही मुक्या जनावरांवर उपचार करते.

चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ शिकवणीसाठी फार मोलाचा असतो. या काळात पिल्लू जे शांतपणे पाहते-ऐकते, त्याची भीती त्याला पुढे वाटत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, जिन्यावरची माणसे, छत्री, काठी घेतलेले आजोबा, गॅस सिलिंडरवाला, गणवेशातला वॉचमन, रडणारे बाळ. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला जमिनीवर सोडू नये, पण कडेवर घेऊन हे सारे दाखवावे. स्टेशनजवळची गर्दी लांबून दाखवावी. पिल्लू घाबरले तर ओढू नये, थोडे मागे यावे.

शी-शूचे वळण याच वयात लागते. पिल्लू झोपेतून उठले की, खाल्ले की आणि खेळून थांबले की त्याला ठरलेल्या जागी न्यावे. बाहेर नेता येत नसेल तेव्हा मोरीच्या कोपऱ्यात जुने वर्तमानपत्र घालावे. तिथे केले की लगेच शाबासकी द्यावी. भलत्या जागी केले तर मुकाट्याने पुसून घ्यावे. त्याचे नाक त्यात घासणे, चपलेने मारणे या जुन्या रीती सोडून द्याव्यात. त्यातून ते एवढेच शिकते की माणसासमोर शू करायची नाही. मग ते पलंगाखाली जाऊन करते.

चार महिने ते दीड वर्ष : कसोटीचा काळ

चार ते सहा महिन्यांत दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात म्हणून ते दिसेल ते चावते. चपला उचलून ठेवाव्यात आणि चावायला जुन्या सुती कापडाची गाठ किंवा थंड गाजर द्यावे. हात चावला तर ओरडून मारू नये. खेळ तिथेच थांबवून उठून जावे. भावंडे शिकवतात तोच हा धडा.

सहा महिन्यांनंतर कुत्रे वयात येऊ लागते. शिकवलेले विसरल्यासारखे वागते, बाहेर पळू पाहते. अनेक कुत्री टाकून दिली जातात ती याच वयात. दहावीतल्या मुलाने उलट उत्तर दिले म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही. कुत्र्याचेही हे दिवस सरतात. तेवढा धीर धरावा.

या वयात चार शब्द पक्के करावेत : बस, थांब, ये, सोड. घरात सर्वांनी एकच शब्द वापरावा. आई 'बस' म्हणते, मुलगी 'बैठ' म्हणते आणि बाबा 'सिट' म्हणतात, असे झाले की कुत्र्याचा गोंधळ होतो आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटे पुरेत. सांगितलेले केले की त्याच क्षणी चपातीचा छोटा तुकडा आणि कौतुकाचा शब्द द्यावा. बक्षीस उशिरा दिले तर कशाचे मिळाले हे त्याला कळत नाही. 'ये' म्हटल्यावर जवळ आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये, नाही तर ते पुन्हा येणार नाही.

मार न देता कुत्रे शिकते का, असे विचारणाऱ्यांनी मुंबई पोलिसांच्या झंजीरची आठवण करावी. १९९२ साली जन्मलेला हा लॅब्राडोर पुण्यात शिकून बॉम्बशोधक पथकात आला. मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर त्याने मुंबई आणि ठाणे परिसरात हुंगून काढलेल्या साठ्याची पोलिसांची नोंद अशी : ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब. असे काम माराच्या धाकाने होत नाही. वास शोधणाऱ्या कुत्र्यांची शिकवणी खेळ आणि शाबासकी यांवरच उभी असते, कारण घाबरलेले कुत्रे शोधत नाही, लपते. नोव्हेंबर २००० मध्ये हाडाच्या कर्करोगाने झंजीर गेला तेव्हा पोलीस अधिकाऱ्यांनी त्याला पुष्पचक्र वाहिले.

एकटे राहण्याची सवयही हळूहळू लावावी. आधी पाच मिनिटे, मग अर्धा तास, मग दोन तास. जाताना-येताना फार लाडिगोडी करू नये. पहिल्याच दिवशी आठ तास कुलपात कोंडले तर ते दिवसभर रडते आणि सोसायटीत तक्रार जाते.

ऑपरेशनचा निर्णयही याच वयातला. मादी साधारण सहा महिने ते वर्षभरात पहिल्यांदा माजावर येते, पुढे वर्षातून सुमारे दोनदा. सुमारे ६३ दिवसांत पाच-सहा पिल्ले होतात. ती पिल्ले कोण घेणार? 'एकदा तरी आईपण मिळू दे' ही आपली भावना आहे, तिची गरज नव्हे. निर्बीजीकरण केलेल्या मादीला म्हातारपणी होणारा गर्भाशयाचा जीवघेणा पू टळतो आणि स्तनाच्या गाठींचा धोकाही कमी होतो. नर घर सोडून भटकणे कमी करतो. योग्य वय डॉक्टरांना विचारून ठरवावे.

दीड ते सात वर्षे : रोजचे घर

आता कुत्रे घरात मुरते. रोज दोन वेळा ठरलेल्या वेळी जेवण, दोन वेळा फेरी, दरवर्षी लस, तीन महिन्यांनी जंताचे औषध एवढा क्रम पाळावा.

अन्नासाठी डबाबंद खाद्यच हवे असे नाही. भात किंवा चपाती, उकडलेले अंडे, कोंबडीचे शिजवलेले मांस, दुधी, भोपळा, गाजर हे चालते. मीठ-मसाला घालण्यापूर्वी त्याचा वाटा बाजूला काढावा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासमान आहेत. नुसत्या दूधभातावर कुत्रे धड पोसत नाही आणि अनेकांना दुधाने जुलाब होतात. रविवारी आपल्या घरी कोंबडी शिजते. तिची शिजलेली हाडे कुत्र्याला देऊ नयेत. ती सुईसारखी तुटतात आणि आतड्यात रुततात. माणसाच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या तर कधीच देऊ नयेत. आपल्याला आराम देणारी गोळी त्याचा जीव घेऊ शकते.

पावसाळ्यात दोन शत्रू : गोचीड आणि साचलेले पाणी. गोचिडीमुळे ताप येतो, कुत्रे खाणे सोडते, हिरड्या पांढऱ्या पडतात. रोज कानांत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली तपासावे. उंदरांचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून लेप्टो होतो. तो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. आपल्याकडे जोराच्या पावसात रस्त्यांवर पाणी भरते. त्यातून कुत्र्याला चालवू नये, घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत. लेप्टोचीही लस असते.

काशिमीरा, चेणे, घोडबंदर या बाजूला राहणाऱ्यांनी आणखी एक जपावे. राष्ट्रीय उद्यानाचे जंगल तिथे टेकते आणि कुत्रे हे बिबट्याचे सोपे भक्ष्य. रात्री कुत्रे घरातच असावे, ओट्यावर बांधलेले नसावे.

१४ एप्रिलची मिरवणूक, गणपती, दिवाळी, ३१ डिसेंबर. ढोल, डीजे आणि फटाके आपल्याला आनंदाचे, त्याला धडकीचे. त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात. अशा वेळी खिडक्या लावून पंखा-टीव्ही चालू ठेवावा, पलंगाखाली गोधडी घालून द्यावी आणि घरातले एक माणूस जवळ थांबावे. हौसेने मिरवणुकीत नेऊ नये.

चावा : घरातील प्रत्येकाने पाठ करावे

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही. पण चावल्यावर लगेच लस घेतली तर तो टळतो. १८८५ साली लुई पाश्चरने लस दिली तेव्हापासून माणसाच्या हाती हा उपाय आहे. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांपासूनच येतो. म्हणून आपल्या कुत्र्याची वार्षिक लस ही सगळ्या गल्लीची ढाल असते.

कुत्रा चावला, ओरखडला किंवा उघड्या जखमेला चाटला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नये. अंगारा-दोरा, मंत्र यांत तास दवडू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे ही लस मोफत मिळते. जखम खोल असेल तर जखमेतच आणखी एक औषध टोचावे लागते, त्याला नाही म्हणू नये. पोटातल्या चौदा सुयांचा काळ केव्हाच गेला. आता दंडावर मोजक्या सुया ठरलेल्या दिवशी घ्यायच्या असतात. एकही चुकवू नये. आपलेच पाळीव पिल्लू चावले म्हणून सूट नाही. मार पडेल या भीतीने मुले चावा लपवतात. 'चावले तर आधी मला सांग, मी रागावणार नाही,' असे प्रत्येक आईने मुलांना आजच सांगून ठेवावे.

मुलांना तीन नियमही शिकवावेत : खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही. बाळाला कुत्र्याजवळ एकटे सोडायचे नाही, कुत्रे कितीही गुणी असो.

शेजारी आणि सोसायटी

कुत्रे ठेवू नका, असा ठराव सोसायटी करू शकत नाही. पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली तशी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. पण हक्काबरोबर कर्तव्य येते. पट्ट्याशिवाय बाहेर न्यायचे नाही, शी पिशवीत उचलायची, लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहायची. सफाई करणारा कामगारही आपल्यासारखाच कष्टकरी घरातला असतो. आपल्या कुत्र्याची घाण त्याच्यावर टाकू नये.

रस्त्यावरच्या कुत्र्यांवरूनही वाद होतात. २०२३ च्या नियमांप्रमाणे त्यांना पकडून निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याच जागी सोडायचे असते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री तेवढी वगळली आणि खायला घालणे ठरलेल्या जागीच व्हावे असे म्हटले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यात हलवण्यास सांगितले. तेव्हा खायला घालायचे असेल तर जिन्यात किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी घालू नये, सर्वांनी मिळून जागा ठरवावी.

सातव्या वर्षानंतर : म्हातारपण

थोराड कुत्री सातव्या-आठव्या वर्षी आणि लहान चणीची त्याहून उशिरा म्हातारी होतात. तोंडाभोवती केस पांढरे होतात, जिना चढताना थांबतात, डोळ्यांत धूसरपणा येतो. हाक ऐकू येत नाही म्हणून येत नाहीत, हट्टाने नव्हे. कधी घरातच शू होते. ज्याने दहा वर्षे घर राखले त्याला या वयात ओरडू नये. कोपऱ्यात जाडसर गोधडी घालावी, गुळगुळीत लादीवर गोणपाट अंथरावे, अन्न मऊ आणि थोडे द्यावे, फेऱ्या आखूड पण जास्त कराव्यात. वर्षातून दोनदा डॉक्टरांना दाखवावे. तहान फार वाढली, वजन घटले, तोंडाला दुर्गंधी आली किंवा अंगावर गाठ दिसली तर थांबू नये. म्हातारपण आहे म्हणून आजार सोडून देऊ नये. दात, सांधे, मूत्रपिंड यांच्या त्रासावर उपचार असतात.

शेवटचे दिवस

बरे न होणाऱ्या दुखण्यात डॉक्टर कधी सुई देऊन सुटका करण्याचे सुचवतात. पंचशील घेतलेल्या घरात मन कचरते. हे शील कसे पाळायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही एवढेच म्हणू की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. दुखणे औषधाने आवरते का? ते स्वतःहून खाते-पिते का? दिवसातून थोडा वेळ तरी ते आपल्याला ओळखून शेपूट हलवते का? उत्तरे ऐकून घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे. निर्णय कोणताही असो, शेवटच्या घडीला घरचे माणूस त्याच्याजवळ असावे. दवाखान्यात सोडून निघून येऊ नये. मुलांना 'पळून गेला' असे सांगू नये. मृत्यू खरा आहे आणि रडणे लाजेचे नाही, हे मुलांनी घरातच शिकलेले बरे.

बारा वर्षांचा हा हिशेब वाचून कुणी म्हणेल, एवढे करायचे तर कुत्रे नकोच. तेही चांगले. एक पिल्लू टाकले जाण्यापासून वाचले. आणि जे घर म्हणेल, आम्ही करू, त्यांनी या थंडीत गल्लीतल्या पिल्लाच्या आईला आधी खायला घालावे, आठ आठवडे मोजावेत आणि घरातल्या मुलाच्या हाती कॅलेंडर देऊन लसीच्या तारखांवर त्याच्याकडूनच खूण करून घ्यावी. ज्या मुलाने स्वतः तारखा लिहिल्या, तो दहा वर्षांनी म्हाताऱ्या कुत्र्याला उचलून जिना उतरवील.